आईशेजारची जागा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, असे. त्यासाठी लागणारा द्राक्षरस आमच्याच घरी तयार व्हायचा. आदल्या दिवशी दुपारी अण्णा काळे मनुके पाण्यात भिजत घालत. ते टम्म फुगले की मंद आचेवर उकळत, हाताने कुस्करत, आणि धुवून धुवून विरलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळून घेत. तिसगावच्या बाजारातून मनुके आणणं, चूल धरणं, बाटली उकळत्या पाण्याने धुणं, सगळं काम अण्णांचं. आई फक्त एक काम करी. अण्णा पळीत घोटभर रस घेऊन तिच्यापुढे धरत आणि ती चाखून सांगे, की झालंय, किंवा अजून दोन कढ येऊ दे.

अण्णा स्वतः कधी चाखत नसत. आई गेल्यावर ती पळी माझ्यापुढे येऊ लागली. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आले, तेव्हा त्यांना म्हणाले होते, की प्रार्थना होईपर्यंत हे नुसतं मनुक्याचं पाणी असतं, तुम्ही चाखलं तरी काही बिघडत नाही.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "तरी नको."

अण्णांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याने प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायचा नाही, असा आमच्या मंडळीचा नियम आहे. आमची मंडळी म्हणजे तिसगावपासून थोड्या आत असलेल्या गावातली पंचवीस-तीस घरं. चर्च म्हणजे दगडी भिंती, वर पत्रा, आणि बाहेर लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. अण्णा गवंडी होते. चर्चचा गिलावा त्यांचा, ओटा त्यांचा, मागच्या कबरस्थानाची कुंपणभिंतही त्यांनीच बांधलेली. रविवारी घंटा ते वाजवत, भजनाला पेटी ते धरत. भाकरीची ताटली फिरू लागली की मात्र पेटी बाजूला ठेवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत. ताटली आली की दोन्ही हातांनी घेत आणि तशीच शेजारच्याच्या हातात देत. उपासना संपल्यावर ते छोटे काचेचे पेले धुवून, पुसून खोक्यात भरायलाही तेच असत. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. एसटीचा कंडक्टर कुठे स्वतःचं तिकीट काढतो, तसं काही असेल, असं मी धरून चालले होते.

सातवीत असताना शाळेत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. धर्म या रकान्यात मी ख्रिस्ती असं लिहिलं. हेडमास्तरांनी तो फॉर्म बाजूला काढून ठेवला आणि अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा कामावरून तसेच आले, हाताला सिमेंट होतं. त्यांनी दुसरा फॉर्म मागून घेतला आणि माझ्याकडून पुन्हा भरून घेतला. घरी जाताना सायकल हातात धरून आम्ही चालत निघालो, आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. आमच्या जातीला शिक्षणाची जी सवलत आहे, ती हिंदू असेपर्यंत. ख्रिस्ती झालं की जात गावाच्या डोक्यातून जात नाही, पण सवलत जाते. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी आणि आईने हा विचार केला होता. पोरांचा कागद बापाकडून चालतो. म्हणून आईने बाप्तिस्मा घ्यायचा आणि अण्णांनी थांबायचं.

"एकानं आत जायचं, एकानं भाईर थांबायचं," ते म्हणाले. "तुज्या शिक्षनापुरतं."

मी विचारलं, की आत असताना बाहेर आहे असं लिहिलं तर चालत नाही का? आमच्या ओळखीत तसं करणारी माणसं होती. अण्णांनी सायकल थांबवली. म्हणाले, कागदावर हिंदू लिहायचं तर ते खरं पाहिजे. खोटा कागद आणि वाकडी भिंत एक दिवस अंगावर येते. एवढं बोलून ते पुढे चालू लागले. माझाही बाप्तिस्मा त्यांनी होऊ दिला नाही, आणि शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून मीही ताटली पुढे देत मोठी झाले.

मी नववीत असताना आई गेली. डोक्यात रक्तस्राव झाला, नगरला नेईपर्यंत संपलं होतं. तिचं थडगं अण्णांनी स्वतः बांधलं. कुंपणभिंतीच्या कडेला, लिंबाच्या सावलीत. थडगं बांधून झाल्यावर त्यांनी थडग्याच्या शेजारी, भिंतीच्या कडेने, एका माणसाची जागा मोजली आणि जिथे ती संपते, तिथे खुणेसाठी दोन विटा रोवल्या. मंडळीच्या पंचांमधले सगळ्यांत ज्येष्ठ जे होते, त्यांना आम्ही मोठे पंच म्हणायचो, ते शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, ही कशाची खूण? अण्णा म्हणाले, माझ्यापुरती. तेव्हा सगळ्यांनाच वाटलं असेल, की अजून पुष्कळ वेळ आहे.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले ते नगरच्या कॉलेजातल्या शिक्षकांमुळे, वसतिगृहामुळे, आणि त्या जातीच्या दाखल्यामुळे. हे मी कधी विसरत नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं. पुढे विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग आहे असं एका सरांनी सांगितलं, तेव्हा मी अर्ज केला. गावात त्यावर बरीच करमणूक झाली. एम.ए. करून पाळकीण होणार का, देव नोकरी देतो का, असं लोक अण्णांना विचारायचे. अण्णांनी उत्तर ठरवून ठेवलं होतं. पोरगी देवाचा पेपर तपासायला शिकतीय, देव पास झाला तर नोकरी लागंल, असं ते सांगत आणि स्वतःच हसत.

मुलाखतीला विभागातल्या मॅडमनी विचारलं, हाच विषय का? मी बरंच पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले आणि शेवटच्या बाकावरून पुढे जाणाऱ्या ताटलीबद्दल सांगितलं. मॅडमनी माझा अर्ज पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाल्या, यावरच काम करा. पुढे त्याच माझ्या मार्गदर्शक झाल्या. माझ्या प्रबंधाचा विषय होता, मंडळीत बसणारे पण मंडळीच्या यादीत नसलेले लोक. त्यासाठी मी जिल्ह्यातल्या काही गावांत गेले, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसांशी बोलले. अशी माणसं जवळपास प्रत्येक गावात होती. अण्णांबद्दल मात्र त्यात मी एक ओळही लिहिली नाही.

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. ग्रंथालयात खिडकीजवळ माझी जागा ठरलेली असे. मी बौद्ध संघातल्या प्रवेशाबद्दल वाचलं, सुफींच्या बैअतबद्दल, म्हणजे शिष्याने गुरूला द्यायच्या वचनाबद्दल, वाचलं, गुरुमंत्राबद्दल वाचलं, आणि बाप्तिस्म्यावर तर मिळेल ते सगळं वाचलं. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काही शतकांत बाप्तिस्म्याआधी दोन-दोन, तीन-तीन वर्षं तयारी करावी लागे. त्या काळात कोणी मेलं, तर त्याची इच्छाच बाप्तिस्मा म्हणून धरत आणि त्याला आपल्यातलाच मानत. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं.

सुट्टीत अण्णांना मी हे सांगितलं. मी काही मोठी भेट आणली आहे, अशा थाटात सांगितलं असणार. ते शेजारच्यांच्या न्हाणीघराला गिलावा करत होते. थापी न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी तयारी करता करता मेलं तरी चालत हुतं?"

मी म्हणाले, हो.

"पन ती तयारी करत हुती, बाई. मी कुठं तयारी केली? मी तर टाळलं."

त्यावरचं उत्तर मी नंतर पुस्तकांत शोधत राहिले.

एम.ए.चं शेवटचं सत्र सुरू झालं आणि अण्णांचं जेवण तुटलं. आधी आम्लपित्त म्हणून गोळ्या झाल्या. मग नगरला दुर्बिणीने तपासलं, तेव्हा जठराचा कॅन्सर निघाला आणि तो पुढे पसरलेला होता. डॉक्टर भले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. मी विभागात सांगून गावी आले आणि राहिलेला प्रबंध अण्णांच्या खाटेशेजारी बसून लिहू लागले.

घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, "तुजं शिक्षान झालं ना आता?"

मी म्हणाले, झाल्यात जमा आहे.

"मग पाळकसाहेबांना सांग. मला घ्या म्हनावं."

काय घ्या, ते मला विचारावं लागलं नाही. मंडळीत घेणं म्हणजे बाप्तिस्मा, आणि तो पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, देतात.

माझ्या जातीच्या दाखल्याची पडताळणी तेव्हा चालू होती. पुढे पीएच.डी.ची फेलोशिप असो की कॉलेजातली राखीव जागा, पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर दारातूनच परत. मी अर्ज करून आले होते. चौकशीला घरी माणसं येऊ शकतात, शेजारीपाजारी विचारतात, रीतिरिवाज काय आहेत ते बघतात, असं त्या कार्यालयात रांगेतल्या लोकांकडून ऐकलं होतं. वडिलांनी आत्ता बाप्तिस्मा घेतला तर माझ्या अर्जाचं काय होईल, हे मी तिथे कोणाला विचारलं नाही. विचारणंच अंगाशी येईल असं वाटलं. सतराशे वर्षांपूर्वीच्या वादांचे संदर्भ मी टिपांसकट देऊ शकत होते, आणि खिडकीपलीकडच्या बाईंना हा एक प्रश्न विचारला नाही.

मी अण्णांना म्हणाले, पडताळणी तेवढी होऊ द्या.

"किती दिस?"

दोन-तीन महिने, मी म्हणाले. ते दोन-तीन महिने त्यांच्याकडे नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. अण्णांना सांगितलेलं नव्हतं. पण गवंड्याला भिंत किती दिवस टिकेल ते कळतं.

"बरं," अण्णा म्हणाले.

पाळकसाहेब आठवड्यातून दोनदा प्रार्थनेला येत. त्यांच्याकडे तीन गावं होती, तरी ते मोटरसायकलवर येत. त्यांना मी अंगणात गाठलं आणि विनंती केली, की बाप्तिस्मा द्या, पण मंडळीच्या वहीत नोंद करू नका. मी त्यांच्याशी वादही घातला. नोंद म्हणजे संस्कार नव्हे, पाणी आणि शब्द म्हणजे संस्कार, हे त्यांना मी शिकवू लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर आहे. पण लपवून बाप्तिस्मा मी आजवर कधी दिला नाही. साक्षीदार उभे राहतात, मंडळी ऐकते, मग तो होतो. तू म्हणशील त्या दिवशी मी येतो. पण लिहिणार."

खाट दाराजवळ होती. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा ते म्हणाले, कागद खरा राहावा म्हणून एवढी वर्षं बाहेर बसलो, आता चोरून आत नको. आणि मग असंही म्हणाले, की तू म्हणशील तसं. ते 'तू म्हणशील तसं' मला आजही पेलत नाही. त्यांनी हट्ट केला असता, रागावले असते, तर मी ऐकलं असतं असं मला वाटतं. पण हे मी आता म्हणते.

चौकशीची माणसं खरंच आली. दोघे होते, एक साहेब आणि एक त्यांचे कागद धरणारे. आधी ते वस्तीत विचारून आले, मग आमच्या दारात खुर्च्यांवर बसले. अण्णांनी मला अंगात सदरा घालून द्यायला सांगितलं आणि उशीला टेकून बसले. अंगावर आता काही उरलं नव्हतं, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. साहेब आवाज चढवून बोलणारे नव्हते. गाव, मूळ गाव, आजोबांचा धंदा, लग्न कसं झालं, असं विचारत गेले. मग धर्म विचारला. अण्णा म्हणाले, हिंदू. साहेब म्हणाले, तुम्ही चर्चला जाता असं शेजारी सांगतात.

"जातो की. घंटा मीच वाजवीत हुतो. पेटी पन."

"बाप्तिस्मा घेतला आहे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "न्हाई," ते म्हणाले. "घेतला न्हाई."

साहेबांनी पेन टेकवलं, लिहिलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, की घ्यायचा विचार आहे का?

मी दाराची चौकट धरून उभी होते.

"विचाराचा पन दाखला लागतो व्हय, साहेब?"

साहेब हसले आणि त्यांनी फाईल मिटली. पाणी पिऊन दोघे गेले. मी अण्णांचा सदरा काढला, त्यांना आडवं केलं. त्यांनी डोळे मिटले होते. झोपले असं समजून मी उठले, तर म्हणाले, "झालं ना तुजं? आता बोलव."

मी म्हणाले, अण्णा, कागद एकदा हातात येऊ द्या. थोडेच दिवस. या वेळी ते बरं म्हणाले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती भिंतही त्यांचीच होती, कोपऱ्यात गिलाव्यावर त्यांच्या बोटांचे ठसे राहिलेले आहेत.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी त्यांचा श्वास बदलला. मी पाळकसाहेबांना फोन केला. ते दुसऱ्या गावी एका लग्नाच्या तयारीत होते, म्हणाले, निघालोच. यायला पाऊण तास लागणार होता. मी अण्णांच्या उशाशी बसले. पाण्याचा तांब्या जवळच होता. मी चमच्याने त्यांच्या ओठांवर पाणी सोडत होते.

मला एक गोष्ट माहीत होती. माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही पाणी घालून, ते शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकतो, असं काही ख्रिस्ती परंपरा मानतात. देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी चालतो, असंही मानणाऱ्या आहेत. आमच्या मंडळीत तसं धरत नाहीत, पण ते माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, त्यावर मी वर्गात बोलले होते आणि मॅडमनी कौतुक केलं होतं. शब्द मला पाठ होते. मी चमच्यात पाणी घेतलं. मनात आलं, की केलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर लिहावं लागेल. ते पाणीही मी त्यांच्या ओठांवरच सोडलं. कपाळापर्यंत माझा हात गेला नाही.

पाळकसाहेब आले तेव्हा मी अण्णांचे डोळे मिटवले होते.

पंच चर्चच्या ओट्यावर बसले. त्यांना बसावंच लागलं, कारण कबरस्थान सभासदांसाठी आहे. आदल्याच वर्षी एका घरातला जावई गेला, तो दर रविवारी येणारा, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याला तिथे जागा दिली नव्हती, आणि पंचांचा तो निरोप घेऊन त्या घरी अण्णाच गेले होते. मी पंचांसमोर उभी राहिले आणि सुरुवातीच्या शतकांतल्या त्या लोकांबद्दल सांगितलं. इच्छाच बाप्तिस्मा म्हणून धरत, हे सांगितलं. अण्णांनी दोनदा मागणी केली होती, पाळकसाहेब साक्षीदार आहेत, हेही सांगितलं. पाळकसाहेबांनी माझी बाजू घेतली. दोन पंच तयार दिसले.

मोठे पंच खाली बघत होते. त्यांनी अण्णांबरोबर तीस वर्षं भजन केलं होतं. ते म्हणाले, "पोरी, तुजं पुस्तक खरं असंल. पन त्या घराला आमी न्हाई म्हनलो, त्यांच्या म्होरं काय तोंड घिऊन जाऊ?" मग थोडं थांबून, मला एकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आन त्यांनी मागितलं हुतं, तर थांबवलं कुनी?"

अण्णांचं ते वाक्य मला तेव्हा आठवलं, मी तयारी केली नाही, मी टाळलं. ते मी पंचांना सांगितलं नाही. शेवटी त्यांनी टाळलं नव्हतं. मी टाळलं होतं.

अण्णांना ओढ्याकाठी, वस्तीच्या जुन्या जमिनीत पुरलं. मंडळीतलं एकूण एक माणूस आलं. घंटा मोठ्या पंचांनी स्वतः वाजवली आणि खड्ड्याला पहिली कुदळही त्यांनीच मारली. पाळकसाहेबांनी पांढरा झगा घातला नव्हता, साध्या सदऱ्यावर उभे राहून त्यांनी सगळी प्रार्थना म्हटली, एकही शब्द गाळला नाही. कोणी माझ्याशी वाईट वागलं असं मला म्हणता येणार नाही. ओढ्याकाठी मातीत मुरूम फार आहे. तिथे पक्कं थडगं कोणी बांधत नाही. पावसाळ्यानंतर जागा ओळखायला दगड मांडावे लागतात.

पडताळणीचं प्रमाणपत्र त्यानंतर दीड महिन्याने आलं. ते घ्यायला गेले, तेव्हा मी खिडकीपलीकडच्या बाईंना अखेर विचारलं, की मध्यंतरी वडिलांनी धर्म बदलला असता तर? त्यांनी माझं वय विचारलं. म्हणाल्या, तुम्ही सज्ञान, तुमचा अर्ज तुमचा, मला नाही वाटत काही फरक पडला असता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, पडलाही असता, सांगता येत नाही. मी तिसऱ्या कोणाला विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

प्रबंध मंजूर झाला, चांगल्या श्रेणीत. मॅडमनी विभागात पेढे वाटायला लावले. माझं शिक्षण ज्यांनी केलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, हे मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे आणि ते खरं आहे. सध्या मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. शुक्रवारी संध्याकाळी सुप्यावरून येणारी एसटी पकडून नगर, तिथून तिसगाव. महिन्याचा पहिला रविवार मी चुकवत नाही. मनुके मी भिजवते, मी गाळते. शेजारच्या काकूंपुढे पळी धरते, त्या चाखून सांगतात. शेवटच्या बाकावर बसते आणि ताटली पुढे देते.

मागच्या महिन्यात उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, आता तुझ्या कागदाचं काम झालं, आता तू तरी घे. मी म्हणाले, राखीव जागेची मुलाखत आहे, तेवढी होऊ द्या. थोडेच दिवस. ते मोटरसायकल काढायला गेले. मी पेले धुवायला घेतले आणि पाणी बराच वेळ नुसतं वाहत राहिलं.

त्याच दिवशी मोठे पंच माझ्याकडे आले. मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई फार आजारी होत्या. कबरस्थानात कडेची एवढी एकच मोकळी जागा उरली आहे, बाकी लिंबाची मुळं आहेत, असं त्यांनी सांगितलं. जागा मंडळीची, मला विचारायची त्यांना गरज नव्हती, तरी विचारलं. म्हणाले, अण्णांनी खूण केली होती म्हणून. मी म्हणाले, द्या.

खुणेच्या विटा काढायला मी स्वतः गेले. वाटलं होतं, हाताने उचलल्या जातील. पण अण्णांनी त्या नुसत्या रोवलेल्या नव्हत्या. खाली वीतभर खड्डा घेऊन सिमेंटात बसवल्या होत्या. ओळंबा लावून बसवाव्यात तशा सरळ होत्या. मी घरी जाऊन त्यांचाच हातोडा आणि छिन्नी घेऊन आले. पहिली वीट निघायला अर्धा तास लागला. दुसरी अखंड निघालीच नाही, तुकडे करून काढावी लागली.